फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायची, मॉडेल कसं बांधायचं: कॅडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव भागातली उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे कागल-शिरोलीपर्यंतची वर्कशॉपं, पॅटर्नची दुकानं आणि इंजिनिअरिंगची मुलं यांच्याकडून कॅडबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढण्याबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. आपल्या भागात एकच नग तीन-चार हातांतून जातो. डिझाइन एकाच्या टेबलावर, पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) दुसऱ्या गल्लीत, ओतकाम तिसऱ्या वसाहतीत, मशीनिंग चौथ्याकडे. म्हणून फाइल निवडताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही फाइल हातात पडल्यावर पुढचा माणूस तिचं काय करणार आहे? खालची बहुतेक उत्तरं त्या एका प्रश्नातून निघाली आहेत.

१. स्टेप, आयजेस, एसटीएल, पॅरासॉलिड, डीएक्सएफ... एवढे फॉरमॅट कशाला? यांत मुळात फरक काय?

दोन घराणी ओळखली की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिल्या घराण्यात आकार गणिताने नेमका लिहिलेला असतो. ५० मिलिमीटर त्रिज्येचा बॉस (नगावरचा गोल उंचवटा) असेल तर 'हा सिलिंडर, त्रिज्या ५०, अक्ष असा' अशीच नोंद असते. शिवाय कुठला फेस (पृष्ठभागाचा तुकडा) कुठल्या एजला (कडेला) लागून आहे, तेही लिहिलेलं असतं. या पद्धतीला बी-रेप म्हणतात. स्टेप, पॅरासॉलिड आणि एसीआयएसची सॅट फाइल या घराण्यातल्या. आयजेसही यातच, पण थोडी बाजूला बसणारी (प्रश्न ४).

दुसऱ्या घराण्यात पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीने झाकलेला असतो. एसटीएल, ओबीजे, थ्रीएमएफ या जाळीच्या फाइली. त्यांत सिलिंडर नावाची गोष्टच नसते, सिलिंडरसारखे दिसणारे चपटे तुकडे असतात.

डीएक्सएफचं काम बहुतेक वेळा सपाट रेषांचं: लेझर, प्लाझ्मा, वायरकट. आणि तुमच्या सॉफ्टवेअरची स्वतःची, म्हणजे नेटिव्ह फाइल या सगळ्यांहून वेगळी, कारण तिच्यात आकार कसा घडवला तो क्रमही साठवलेला असतो. ती कधीही पुसू नका. बी-रेपवरून जाळी केव्हाही करता येते. उलटा प्रवास किती अवघड, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. पार्टीनं फोनवर फक्त 'थ्रीडी पाठवा' म्हटलंय. काय पाठवू?

एक फोन परत करा आणि विचारा: कोटेशनसाठी बघायचंय, पॅटर्न करायचाय, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) टूलपाथ (हत्याराची वाट) काढायचाय, की प्रिंट मारायचीय? उत्तर मिळालं नाही तर स्टेप फाइल आणि सोबत मापं-टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असलेलं पीडीएफ ड्रॉइंग पाठवा. या जोडीने बहुतेकांचं काम भागतं. स्टेप जवळजवळ प्रत्येक कॅड-कॅम सॉफ्टवेअरमध्ये (कॅम म्हणजे मशीनसाठी टूलपाथ काढणारं) उघडते आणि युनिट तिच्यातच नोंदलेलं असतं.

दोघांकडेही सॉलिडवर्क्स, एनएक्स किंवा सॉलिड एज असेल, तर पॅरासॉलिडची एक्स-टी फाइल जास्त चांगली. ही तिन्ही सॉफ्टवेअर पॅरासॉलिड याच गणिती गाभ्यावर चालतात, त्यामुळे भाषांतर करायची गरजच उरत नाही. एसटीएल मात्र कुणी मागितल्याशिवाय पाठवू नका.

३. स्टेप सेव्ह करताना एपी २०३, २१४, २४२ विचारतं. कुठलं घेऊ?

पर्याय असेल तर २४२. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३ हे मानक आणि एपी हे त्यातले उपप्रकार. २०३ सगळ्यात जुना, १९९४चा. मुळात त्यात आकार आणि असेंब्ली जात होती, रंग जात नव्हते. २१४ वाहन उद्योगासाठी आला, त्यात रंग आणि लेयरही आले. २०१४ मध्ये आलेल्या २४२ ने दोघांना एकत्र केलं आणि टॉलरन्स, डेटम (मापं जिथून मोजायची ती संदर्भाची जागा) यांसारखी माहिती मॉडेलवरच चिकटवून पाठवायची सोय दिली. समोरच्याचं कॅम सॉफ्टवेअर जुनं असेल आणि २४२ उघडत नसेल, तर २१४ द्या. आकारात काही फरक पडत नाही.

रंगाला कमी लेखू नका. मशीनिंग करायचे फेस एका रंगात आणि कास्ट राहणारे दुसऱ्या रंगात दिले, तर पॅटर्न मेकर आणि मशीनवाला दोघांचे निम्मे फोन वाचतात. फक्त कुठला रंग कशासाठी, ते ड्रॉइंगवर लिहा.

४. आमचे जुने कस्टमर अजून आयजेस मागतात. द्यावी का?

मागितली तर द्या, सोबत स्टेपही जोडा. आयजेस पहिल्यांदा १९८० साली आली आणि तिची शेवटची ५.३ ही आवृत्ती १९९६ची. ती बहुधा सुट्या सरफेसच्या स्वरूपात येते. घेणाऱ्याला ते सरफेस शिवून सॉलिड करावे लागतात, आणि शिवण कुठेतरी उसवते. नुसत्या सरफेसवर टूलपाथ काढणाऱ्या जुन्या डाय-मोल्डवाल्यांना ती अजून सोयीची वाटते. नवीन कामासाठी कारण नाही.

५. कस्टमरची स्टेप उघडली तर फीचर ट्रीमध्ये फक्त 'इम्पोर्टेड' एवढंच. त्यांनी मुद्दाम फीचर काढून टाकलेत काय?

नाही. स्टेपमध्ये फीचर, म्हणजे आकार घडवायच्या पायऱ्या, जातच नाहीत. तयार लाकडी पॅटर्न हातात आला तर सुताराने आधी रंधा मारला की आधी भोक पाडलं, हे त्यावरून कळत नाही, तसंच हे आहे. आकार पूर्ण मिळतो, क्रम मिळत नाही.

बदल छोटा असेल, म्हणजे भोक मोठं करणं किंवा फेस ३ मिलिमीटर सरकवणं, तर 'मूव्ह फेस', 'डिलीट फेस' अशा डायरेक्ट एडिटिंगच्या आज्ञा वापरा. फीचर रेकग्निशन भोकं, पॉकेट, साधे एक्स्ट्रूड (स्केच सरळ ओढून केलेले आकार) बऱ्यापैकी ओळखतं. ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) आणि फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) एकमेकांत मिसळलेल्या कास्टिंगवर मात्र त्याच्या मागे वेळ घालवू नका. नग पुढे वर्षानुवर्षं चालणार असेल, तर इम्पोर्ट केलेला आकार समोर ठेवून तो नव्याने बांधणंच परवडतं.

६. पॅरामेट्रिक शिकू की डायरेक्ट मॉडेलिंग? वर्कशॉपमध्ये काय चालतं?

दोन्ही चालतात, पण त्यांची कामं वेगळी.

पॅरामेट्रिक म्हणजे स्केच, माप, त्यावर फीचर, त्यावर पुढचं फीचर. १९८०च्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनिअरने ही पद्धत रुजवली आणि १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने ती साध्या विंडोज कॉम्प्युटरवर आणली. एकाच घाटाचे पण वेगवेगळ्या मापांचे नग जिथे येतात, तिथे तिला पर्याय नाही. आपल्याकडचे हायड्रॉलिक सिलिंडर बघा: बोअर बदलला की ट्यूब, पिस्टन, ग्लँड, सीलची खाच सगळं बदलतं. नीट बांधलेल्या मॉडेलमध्ये बोअर आणि स्ट्रोक बदलायचा, बाकीचं आपोआप जुळतं.

हे 'नीट' मात्र कमवावं लागतं. फिलेटच्या एजवर स्केच बांधला, त्या स्केचवर भोक, भोकावर पॅटर्न (इथे अर्थ त्याच भोकाच्या ओळीने केलेल्या प्रती), आणि सहा महिन्यांनी कुणी तो फिलेट काढला, की सगळी साखळी लाल होते. यामागचं कारण असं की सॉफ्टवेअर फेस आणि एजना आतून नावं देतं आणि आकार बदलला की ती नावं बदलू शकतात. फ्रीकॅडमध्ये हा त्रास फार होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीने तो बराच कमी केला, संपवला नाही. म्हणून सवय अशी लावा: महत्त्वाचे स्केच मूळ प्लेन आणि अक्षांवर बांधा, मापं डेटमपासून द्या, फिलेट आणि चॅम्फर शेवटी ठेवा, आणि प्रत्येक फीचरला कळेल असं नाव द्या. 'बॉस-एक्स्ट्रूड ४७' वाचून पुढच्याला काही समजत नाही.

डायरेक्ट पद्धतीत क्रम नसतो. फेस धरा, ओढा. दुसऱ्याच्या स्टेपवर काम करताना, फिक्स्चरची कल्पना पटकन मांडताना, विश्लेषणाआधी बारीक भोकं पुसताना ती फार उपयोगी. मुलांना माझं सांगणं असं: आधी पॅरामेट्रिक पक्कं करा. डायरेक्ट त्यानंतर लवकर जमतं. उलट क्रमाने शिकलेल्यांना डेटमची शिस्त लागायला फार वेळ जातो.

७. सॉलिडमध्ये काढू की सरफेसमध्ये?

जे सॉलिडमध्ये जमतं ते सॉलिडमध्येच. पंपाची व्हॉल्यूट (शंखासारखं केसिंग), इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या चाकाची) वळलेली पाती, हँडलचा हाताला बसणारा आकार इथे सरफेस लागतात. तेव्हाही शेवट सॉलिडवरच करायचा: सगळे सरफेस शिवून, आतून बंद, वजन निघेल असा. वजन निघत नसेल तर कुठेतरी फट आहे असं समजा. फाउंड्रीत भाव किलोवर ठरतो, त्यामुळे वजन न निघणाऱ्या मॉडेलचं कोटेशनही नीट होत नाही.

व्हॉल्यूटसाठी एक युक्ती. आतली पाण्याची वाट आधी सॉलिड म्हणून काढा. तीच पुढे कोअर (कास्टिंगची पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) होते. बाहेरचं शरीर वेगळं काढा आणि त्यातून ती वजा करा. कोअर आणि कास्टिंग एकाच आकारातून आल्यामुळे भिंतीची जाडी तपासणं सोपं जातं.

८. कास्टिंगचा आणि मशीनिंग झालेल्या नगाचा एकच मॉडेल ठेवला तर चालेल ना? दोन फाइली सांभाळताना गोंधळ होतो.

एका फाइलने उलट जास्त गोंधळ होतो. आपल्या भागात फाइलवरून होणाऱ्या भांडणांचं मूळ मला बहुतेकदा इथेच दिसतं, म्हणून जरा सविस्तर.

एका नगाचे खरं तर तीन आकार असतात. फिनिश नग, जो कस्टमरला हवा. कास्टिंग, म्हणजे फिनिश अधिक मशीनिंग अलाउन्स (मशीनिंगसाठी जास्त ठेवलेलं मटेरियल), ड्राफ्ट, फिलेट आणि कास्टिंगमध्ये भरून टाकलेली छोटी भोकं. आणि पॅटर्न, म्हणजे कास्टिंग अधिक श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो त्याची भर) आणि कोअर प्रिंट (कोअर साच्यात टेकवायची जागा). हे तिन्ही एकमेकांना जोडलेले ठेवा: फिनिशवरून कास्टिंग डिराइव्ह करायचं, कास्टिंगवरून पॅटर्न. कस्टमरने फिनिशचं माप बदललं की बाकीचे दोन मागोमाग बदलतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'डिराइव्ह्ड पार्ट' किंवा 'इन्सर्ट पार्ट' अशी सोय असते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अलाउन्स, मग ड्राफ्ट, मग फिलेट. फिलेट दिल्यावर ड्राफ्ट लावायला गेलात तर तो बऱ्याचदा फेल होतो. ड्राफ्ट १ अंश म्हणजे किरकोळ वाटतो, पण १०० मिलिमीटर खोलीवर तो एका बाजूला सुमारे १.७५ मिलिमीटर जाडी वाढवतो. तो वर वाढवायचा की आत कापायचा, हे पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती रेषा) ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून पार्टिंग लाइन फाउंड्रीला विचारूनच ठरवा.

श्रिंकेज सगळ्यात शेवटी आणि एकदाच. ग्रे कास्ट आयर्नला साधारण १ टक्का धरतात, ॲल्युमिनियमला साधारण १.३, स्टीलला २ च्या आसपास. नेमका आकडा फाउंड्रीच सांगेल, कारण तो नगाचा घाट आणि कोअर किती अडवतो यावरही असतो. ३०० मिलिमीटरचं माप पॅटर्नवर ३०३ होतं. आता डिझाइनरने श्रिंकेज देऊन फाइल पाठवली आणि पॅटर्न मेकरने ती साधी समजून पुन्हा १ टक्का दिला, तर पॅटर्न ३०६.०३ होतो आणि प्रत्येक कास्टिंग ३ मिलिमीटर मोठं येतं. हे लक्षात येतं तेव्हा बॅच ओतून झालेली असते.

त्यामुळे फाइलच्या नावातच लिहा: 'फिनिश', 'कास्टिंग, श्रिंकेज न दिलेलं', 'पॅटर्न, श्रिंकेज १ टक्का'. ड्रॉइंगवरही तेच. कोअर बॉक्सलाही (कोअर बनवायच्या साच्यालाही) तेवढंच श्रिंकेज लागतं, ते विसरू नका.

९. पॅटर्नवाल्याला एसटीएल दिली. त्यानं मशीन केलेल्या पॅटर्नवर पैलू दिसतात. मशीन खराब की फाइल?

फाइल. एसटीएल काढताना त्रिकोण किती बारीक, हे तुम्ही ठरवता. डिफॉल्ट ठेवलं तर सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशोबाने ठरवतं.

५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात त्रिकोणाची कड आणि खरी गोलाई यांत ०.१ मिलिमीटर अंतर चालवलं, तर वर्तुळाचे सुमारे ५० तुकडे होतात. ते डोळ्याला दिसतात, बोटालाही लागतात. हेच अंतर ०.०१ केलं तर तुकडे सुमारे १५७ होतात आणि पैलू जवळजवळ नाहीसे होतात. एक्सपोर्टच्या खिडकीत याला 'डेव्हिएशन' किंवा 'कॉर्ड हाइट' म्हणतात. प्रिंटसाठी ०.०५ च्या आसपास बहुधा पुरतं, पॅटर्नसाठी ०.०१ ठेवा. बायनरी पर्याय निवडा, कारण बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, मजकुराच्या एसटीएलमध्ये कितीतरी जास्त.

पण मुळात व्हीएमसीवर जाणाऱ्या कामाला एसटीएल देऊच नये. स्टेप द्या, कॅम सॉफ्टवेअर खऱ्या गोलाईवर टूल फिरवेल. स्केचअपमध्ये काढलेले आकारही इथेच अडतात. तिथलं वर्तुळ डिफॉल्टमध्ये २४ बाजूंचं असतं आणि फॉरमॅट कुठलाही निवडलात तरी ते २४ बाजूंचंच राहतं.

१०. मॉडेल १०० मिलिमीटरचं, प्रिंटच्या सॉफ्टवेअरमध्ये ४ मिलिमीटरसुद्धा दिसेना. का?

एसटीएलमध्ये युनिट नसतं, नुसते आकडे असतात. तुम्ही इंचात एक्सपोर्ट केलंत, म्हणून १०० मिलिमीटरचा आकडा ३.९३७ झाला, आणि समोरच्याने तो मिलिमीटर समजून घेतला. २५.४ ने गुणलं की बरोबर येतं. मीटरमध्ये काढली असेल तर १,००० ने. ओबीजेचंही तेच. थ्रीएमएफमध्ये युनिट नोंदलेलं असतं, प्रिंटवाल्याला चालत असेल तर तीच द्या. नाहीतर एसटीएलसोबत एक वाक्य लिहा: 'एकूण लांबी १०० मिलिमीटर आली पाहिजे.'

११. साखर कारखान्याच्या जुन्या पंपाचा इम्पेलर स्कॅन केलाय. ड्रॉइंग नाही. एसटीएलची स्टेप करून द्याल का?

गळीत हंगाम तोंडावर आला की अथणी-चिकोडी पट्ट्यातून हा प्रश्न हमखास येतो.

'कन्व्हर्ट' बटण दाबून स्टेप निघते, पण तिचा उपयोग नाही. फ्रीकॅडसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक त्रिकोणाचा एक सपाट फेस करतं. दोन लाख त्रिकोण, दोन लाख फेस. फाइल हलत नाही, भोकाचा व्यास मोजता येत नाही, कॅम सॉफ्टवेअर बसतं. नाव स्टेपचं असलं तरी आत जाळीच राहते.

काम असं करायचं. जाळी नुसती संदर्भ म्हणून समोर ठेवा. शाफ्टच्या बोअरवरून अक्ष काढा, हबच्या मशीन केलेल्या फेसवरून मूळ प्लेन. मशीन केलेली मापं, म्हणजे बोअर, की-वे, वेअर रिंगची बसक, स्कॅनवरून घेऊ नका, ती बोअर गेज आणि मायक्रोमीटरने घ्या. पात्याचा आकार मात्र स्कॅनवरूनच: ठरावीक त्रिज्यांवर छेद घ्या, त्यांतून कमीत कमी बिंदूंचे स्प्लाइन (वळणदार रेषा) ओढा, मग लॉफ्ट (छेद जोडून केलेला आकार). एका चांगल्या पात्यावरून मॉडेल करा आणि ते अक्षाभोवती फिरवा. प्रत्येक पातं वेगळं काढलंत तर पात्यांतली जुनी असमानताच पुढे जाते.

आणि झीज. जुना इम्पेलर हंगामामागून हंगाम चाललेला असतो. पात्याची टोकं खाल्लेली, बाहेरचा व्यास उतरलेला. स्कॅन जसाच्या तसा उतरवला तर तुम्ही झिजलेला इम्पेलर नवीन ओतून घ्याल. त्यामुळे कमी झिजलेली जागा शोधून जाडी तिथून घ्या, व्यास केसिंगच्या मापाशी ताडून बघा. शेवटी मॉडेल आणि जाळी एकमेकांवर ठेवून फरकाचा रंगीत नकाशा काढा. झीज असलेल्या जागी फरक दिसलाच पाहिजे, बाकी ठिकाणी दिसायला नको.

१२. लेझरला डीएक्सएफ दिली. कटिंग बरोबर, पण बेंड केल्यावर माप चुकतं.

कटिंग बरोबर असेल तर दोष के-फॅक्टरचा (वाकवताना न ताणला न दाबला जाणारा थर पत्र्याच्या जाडीत कुठे आहे, ते सांगणारा आकडा). बेंडमध्ये जाणारी लांबी म्हणजे कोन गुणिले (आतली त्रिज्या अधिक के गुणिले जाडी), कोन रेडियनमध्ये. २ मिलिमीटर पत्रा, आतली त्रिज्या २, कोन ९० अंश धरा. के ०.४४ घेतला तर ४.५२ मिलिमीटर, ०.३३ घेतला तर ४.१८. एका बेंडला ०.३४चा फरक. चार बेंडच्या बॉक्सला तो सव्वा मिलिमीटरच्या वर जातो आणि झाकण बसत नाही.

टेबलातला आकडा घेऊ नका. ज्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर), ज्या डायवर काम होणार, तिथेच त्याच पत्र्याची १०० मिलिमीटरची पट्टी ९० अंशात वाकवा. दोन्ही बाहेरच्या बाजू मोजा, बेरजेतून १०० वजा करा. ते बेंड डिडक्शन. तेच सॉफ्टवेअरमध्ये भरा.

फाइलबद्दल थोडं: डीएक्सएफ एकास एक स्केलमध्ये, बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर, एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा पुसलेल्या. दुहेरी रेषेवर लेझर दोनदा फिरतो.

१३. नेमप्लेटवर मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं हवीत. समोर उघडली की चौकोन किंवा भलतंच काहीतरी दिसतं.

डीएक्सएफमध्ये अक्षराचा आकार जात नाही, मजकूर आणि फॉन्टचं नाव जातं. समोर तो फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी-कन्नड फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यात बरीच कॅड सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट जोडत नाहीत, वेलांटी भलत्या बाजूला जाते, कन्नडचे ओत्तक्षर (अक्षराखाली जोडली जाणारी व्यंजनं) सुटे पडतात.

उपाय एकच: मजकूर इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये लिहा, त्याचं पाथमध्ये रूपांतर करा, मग डीएक्सएफ काढा. आता ती अक्षरं नाहीत, आकार आहेत. कुठेही सारखेच दिसतील. पाथ केल्यावर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाइल ठेवा, आणि कापायच्या आधी कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याला, मराठी मजकूर मराठी वाचणाऱ्याला दाखवा. पत्र्यातून आरपार कापायचं असेल तर 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. कन्नडच्या गोलसर अक्षरांत तर हे फारच होतं. तिथे बारीक पूल ठेवावे लागतात.

फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. जुन्या मशीनच्या कंट्रोलरला देवनागरी नाव वाचता येत नाही.

१४. देव्हाऱ्याच्या दारावर वेलबुट्टी आणि गणपती राउटरवर कोरायचाय. हे सॉलिडवर्क्समध्ये होईल?

चौकट, दाराची जाडी, बिजागरीच्या खाचा तिथे काढा. वेलबुट्टी आणि मूर्तीसाठी जाळीचं काम हवं: ब्लेंडरमध्ये घडवायचं किंवा रिलीफच्या सॉफ्टवेअरमध्ये. अशा आकाराला नेमकं गणित नसतंच, म्हणून इथे एसटीएल हाच योग्य फॉरमॅट. पुष्कळ कारागीर अजून आर्टकॅम वापरतात. ते २०१८ मध्ये बंद झालं, कार्व्हेको हे त्याचं पुढचं रूप.

१५. कॉलेजमध्ये नवीन व्हर्जन, जिथे इंटर्नशिप आहे तिथे २०१६चं. फाइल उघडत नाही.

नेटिव्ह फाइल सहसा मागच्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. सॉलिडवर्क्सने २०२४ पासून जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायची सोय दिली, तीही फक्त दोन व्हर्जन मागेपर्यंत. २०१६पर्यंत पोचत नाही. स्टेप किंवा पॅरासॉलिड द्या, क्रम जाईल (प्रश्न ५). मॉडेल तिथेच वाढवायचं असेल तर सुरुवातच तिथल्या व्हर्जनमध्ये करा. आणि विद्यार्थी लायसन्सवर कुणाचं जॉबवर्क करू नका. ते शिकण्यासाठी दिलेलं असतं.

१६. कोटेशनसाठी पूर्ण मॉडेल दिलं तर डिझाइन उचलतील अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. स्टेपमधून तुमचा क्रम आणि सूत्रं जात नाहीत, पण आकार पूर्ण जातो, आतल्या पोकळ्यांसकट. म्हणून ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्या. बाहेरचं बसवायचं माप बघायचं असेल तर असेंब्लीचा एकच बॉडी करा, आतल्या पोकळ्या भरा, मग स्टेप काढा. यासाठी 'श्रिंकरॅप' किंवा 'डीफीचर' अशा आज्ञा असतात. पॅटर्न करणाऱ्याला कास्टिंग द्या, असेंब्ली नको.

अजून एक. स्टेप हा साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडून वरच्या ओळी वाचा. तिथे फाइलचं नाव, वेळ, लेखकाचं आणि संस्थेचं नाव, सॉफ्टवेअर यांची जागा असते. दुसऱ्या कस्टमरचं नाव तिथे राहून गेलेलं नाही ना, हे बघून मगच पाठवा.

१७. आमच्याकडे स्टेप चांगली दिसते. समोरच्याकडे दोन फेस गायब. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दोन बिंदू एकच मानायचे की वेगळे, याची मर्यादा प्रत्येक गणिती गाभ्याची वेगळी असते. पॅरासॉलिड ०.००००१ मिलिमीटरपर्यंत फरक करतो, काही सॉफ्टवेअर ०.००१ला एकच बिंदू मानतात. सैल हिशोबातली फट कडक हिशोबात उघडी पडते. बारीक फिलेट जिथे शून्यावर संपतात आणि लॉफ्ट जिथे एका बिंदूत मिटतात, तिथे हे सगळ्यात जास्त होतं.

पाठवायच्या आधी 'चेक जॉमेट्री' चालवा आणि स्वतःचीच स्टेप नव्या खिडकीत परत उघडा. मूळ मॉडेलचं आकारमान आणि परत उघडलेल्याचं आकारमान ताडा. फाइल पाठवताना तो आकडा घनमिलिमीटरमध्ये लिहून द्या, म्हणजे समोरचाही ताडू शकेल. फेस जातच असेल तर तेवढा भाग पुन्हा बांधा, फिलेट थोडा बदला, किंवा पॅरासॉलिड देऊन बघा.

१८. एम १२चं टॅपिंग स्टेपमध्ये दिसतच नाही. आटे मॉडेल करून पाठवू का?

शक्यतो नको. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आटे ही नुसती दाखवायची खूण असते आणि ती स्टेपमध्ये जातेच असं नाही. समोर साधं भोक दिसतं. खरे आटे मॉडेल केले तर फाइल जड होते आणि कॅमवाल्याला ते काढून टाकावे लागतात.

तपासायचं ते भोकाचं माप. एम १२, पिच १.७५ला टॅपआधीचं भोक १०.२ मिलिमीटर. मॉडेलमध्ये ते १०.२ असेल आणि ड्रॉइंगवर 'एम १२, इतकी खोली' लिहिलेलं असेल तर काम सरळ होतं. कुणी ते १२चं काढलं असेल आणि ड्रॉइंग न बघता ड्रिल मारलं गेलं, तर आट्याला मटेरियलच उरत नाही. प्रिंट करायच्या नगावर मोठे आटे हवे असतील, तेवढ्यापुरते मॉडेल करा.

१९. मॉडेल आणि ड्रॉइंग जुळत नाहीत. कुठलं खरं धरायचं? आणि एरोस्पेसची पार्टी तर ड्रॉइंगच देत नाही.

हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीसारख्या ठिकाणचं काम घेणाऱ्यांना हे नवीन पडतं. तिथे बऱ्याचदा मॉडेल हाच मूळ दस्तऐवज असतो. टॉलरन्स, डेटम, पृष्ठभागाची खूण सगळं मॉडेलवरच चिकटलेलं असतं, आणि ते वाचायला २४२ प्रकारची स्टेप किंवा मूळ सॉफ्टवेअरचा व्ह्यूअर लागतो. २१४ मध्ये सेव्ह करून पुढे दिलंत तर आकार जाईल, ती माहिती गळेल. अशी फाइल स्वतः रूपांतरित करून कुणाला देऊ नका. जशी आली तशीच, त्याच रिव्हिजन नंबरसकट पुढे द्या.

बाकीच्या कामात ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते बघा. 'ड्रॉइंग प्रमाण' असेल तर ड्रॉइंग, 'मॉडेल प्रमाण' असेल तर मॉडेल. काहीच लिहिलेलं नसेल आणि दोन मापं जुळत नसतील, तर स्वतःच्या अंदाजाने एक निवडू नका. दोन्ही मापं, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आणि फाइलची तारीख लिहून मेल करा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत तेवढा फेस मशीन न करता ठेवा. रफिंग सुरू ठेवायचं असेल तर ज्या मापात जास्त मटेरियल उरतं ते धरा.